पडद्यावरची बोली आणि वहीतली मराठी : लोकप्रिय संस्कृतीच्या आधारे प्रथम वर्षाच्या लेखन-अध्यापनाची चिकित्सा (सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात येणारा विद्यार्थी लेखन न शिकताच येतो, असे सर्रास म्हटले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. तो पुष्कळ काही शिकून आलेला असतो. 'मी पंतप्रधान झालो तर', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'सूर्य उगवला नाही तर' अशा विषयांवर दीड-दोन पाने भरण्याचे तंत्र त्याला अवगत असते. निबंधाच्या आरंभी सुभाषित आणि शेवटी संकल्प हवा, मधल्या परिच्छेदांत निसर्गाची, देशाची किंवा मातेची थोरवी आली पाहिजे आणि या सर्वांत स्वतःला माहीत असलेली एकही गोष्ट लिहिण्याची आवश्यकता नसते, हे त्याने गाईडांच्या आधारे नीट आत्मसात केलेले असते. प्रथम वर्षाच्या लेखन-अध्यापनापुढील खरी अडचण ही अशी आहे. विद्यार्थ्याजवळ लेखन आहे. त्या लेखनात विद्यार्थी नाही.

या अडचणीवरील उपाय म्हणून चित्रपट, गाणी, जाहिराती, मालिका अशा लोकप्रिय संस्कृतीतील सामग्रीचा वर्गात वापर करावा, असे गेल्या काही दशकांत वारंवार सुचवले गेले आहे. सूचना योग्य आहे; परंतु तिच्यामागे जे कारण दिले जाते ते योग्य आहे काय, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात या कारणाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्याच्या मातीतून आलेले 'फॅन्ड्री' आणि 'सैराट' हे नागराज मंजुळे यांचे दोन चित्रपट आधारासाठी घेतले आहेत.

लोकरंजनातून लोकशिक्षण

लोकप्रिय प्रकारांचा शिक्षणासाठी वापर ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि १८६९ मध्ये शिवाजीराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी निवडलेले दोन्ही प्रकार ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नव्हती त्यांच्या कानांवर रुळलेले होते. पुढे सत्यशोधकी जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा सांगाडा घेऊन त्यात नवा आशय भरला. सोलापूरपुरते बोलायचे तर पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी हे याच गावचे. ब्राह्मण घरातील तरुणाने तमाशाच्या फडासाठी लावण्या रचाव्यात, हे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. त्याच राम जोशींवर १९४७ मध्ये राजकमल कलामंदिराने चित्रपट काढला आणि त्यांच्या लावण्या आज पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शाहिरी वाङ्मय म्हणून सन्मानाने शिकवल्या जातात. 'लोकप्रिय' आणि 'अभ्यासनीय' यांतील सीमारेषा किती सरकती असते, याचे उदाहरण शोधण्यासाठी सोलापूरकराला गावाबाहेर जाण्याचे कारण नाही.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाला दोन टप्पे आहेत. एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांनी १९३३ च्या 'कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट' या पुस्तकात जाहिराती वर्गात आणल्या त्या विद्यार्थ्याला त्यांच्यापासून सावध करण्यासाठी. देवीची लस टोचावी तसा हा प्रकार होता. स्टुअर्ट हॉल आणि पॅडी व्हॅनेल यांनी १९६४ च्या 'द पॉप्युलर आर्ट्स'मध्ये ही भूमिका नाकारली. लोकप्रिय कलेतही चांगले आणि सुमार असते व हा विवेक शिकवता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडील शिक्षक मात्र बहुधा या दोहोंपैकी कोणत्याच टप्प्यावर नसतो. त्याचे कारण अधिक साधे असते. मुले वर्गात बसत नाहीत, चित्रपटाचे नाव काढले की बसतात. 'आवड निर्माण करणे' या शब्दप्रयोगाचा व्यवहारातील अर्थ एवढाच असतो. अशा वेळी चित्रपट हे आमिष ठरते, आणि आमिषाने जमवलेला वर्ग मूळ पदार्थ समोर येताच पांगतो. 'सैराट'चे नाव घेऊन सुरू झालेला तास पंधराव्या मिनिटाला 'परीक्षणलेखनाची वैशिष्ट्ये' या टिपणावर आला की विद्यार्थ्याला आपली फसगत झाल्याचे कळते. त्याचे ते कळणे बरोबरच असते.

आराखडा आणि आशय

राज्य मंडळाने या दिशेने काहीच केले नाही असे नाही. अकरावी आणि बारावीच्या 'युवकभारती'मध्ये उपयोजित मराठी हा स्वतंत्र विभाग आहे. २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या पुस्तकात सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद, अनुदिनी-लेखन, रेडिओजॉकी असे घटक समाविष्ट झाले. २०२० च्या बारावीच्या पुस्तकात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आले. रेडिओजॉकी हा पाठ मराठीच्या पाठ्यपुस्तकात येतो, ही घटना लहान नाही. तथापि या सर्व घटकांमागील दृष्टी प्रामुख्याने व्यवसायाची आहे. माध्यमांत काम मिळावे म्हणून माध्यमांचे लेखन शिकायचे. त्यामुळे प्रत्येक प्रकार त्याच्या आराखड्यासह येतो : स्वरूप, आवश्यकता, घ्यावयाची दक्षता. परीक्षेत विद्यार्थी हाच आराखडा लिहून देतो. म्हणजे निबंधाच्या जागी वृत्तलेख आला, पण सुभाषित ते संकल्प हा प्रवास तसाच राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी २०२४-२५ या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाल्यावर भाषेला क्षमता संवर्धनाच्या अभ्यासक्रमात जी जागा मिळाली आहे, तिचेही असेच होणार नाही याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

लोकप्रिय संस्कृतीचा लेखन-अध्यापनाशी असलेला खरा संबंध वेगळ्या ठिकाणी आहे. ज्ञानेश्वरीबद्दल, केशवसुतांच्या कवितेबद्दल किंवा एखाद्या कादंबरीबद्दल विद्यार्थी लिहितो, तेव्हा वाचणाऱ्या शिक्षकाला ते सर्व त्याच्याहून अधिक ठाऊक असते. ज्याला अधिक ठाऊक आहे त्यालाच माहिती सांगणे ही मुळात विचित्र कृती आहे; परीक्षेखेरीज ती कोणत्याही व्यवहारात केली जात नाही. याउलट आपल्या गल्लीत, आपल्या घरात एखादा चित्रपट कसा पाहिला गेला, हे विद्यार्थ्यालाच ठाऊक असते. येथे तो माहितगार आणि शिक्षक अनभिज्ञ असतो. लिहिण्याला कारण निर्माण होते ते या उलटापालटीतून. आवड हा त्याचा आनुषंगिक लाभ समजावा.

बोलीचे दोन भाव

'फॅन्ड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत आणि 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, पुणे विद्यापीठातून मराठी विषय घेऊन शिकलेले आणि आधी कवी म्हणून ओळख मिळवलेले. 'फॅन्ड्री'तील जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा केमचा. अर्चीची भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची, आणि या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. तिकीटबारीवर शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून 'सैराट'ची नोंद झाली. लेखनाच्या वर्गासाठी मात्र या आकड्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तो टप्पा ओलांडला तेव्हा पडद्यावर करमाळ्याकडची बोली होती. ज्या बोलीसाठी याच भागातील मुलांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या लाल शाईची वर्तुळे उमटली, तीच बोली मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी तिकीट काढून ऐकली आणि तिची नक्कल केली. मराठीत सांगितलेले कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे अर्ची समोरच्याला दरडावते. त्या प्रसंगी चित्रपटगृहांत जो हशा उसळला त्यात भाषांच्या उतरंडीबद्दलचे एक सामूहिक ज्ञान होते, आणि ते शहाण्यासुरत्या भाषणांतून येत नाही.

येथे एक धोका संभवतो. बोलीचा गौरव करताना 'विद्यार्थ्याने कसेही लिहावे, तेच अस्सल' अशी भूमिका काही उत्साही शिक्षक घेतात. ही भूमिका वरवर उदार असली तरी परिणामी अन्यायकारक आहे, कारण स्पर्धा परीक्षेचा तपासनीस किंवा कार्यालयातील वरिष्ठ या उदारतेत सहभागी नसतो. प्रमाण लेखन ज्याला घरातून मिळते त्याला ते शिकवले नाही तरी चालते; ज्याला मिळत नाही त्याचेच नुकसान होते. लाल शाई टाळून हा प्रश्न सुटत नाही. ती कोठे वापरायची हे ठरवावे लागते.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये प्रथम आले व १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. या नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चारानुसार लिहिण्यास मुभा आहे. निवेदन एका रूपात आणि संवाद दुसऱ्या रूपात असू शकतो, हे नियमांनाच मान्य आहे. परंतु वर्गात नियम शिकवले जातात तेव्हा ही मुभा तळटिपेसारखी शेवटी येते किंवा येतच नाही. वस्तुतः सुरुवात तेथूनच करता येईल. चित्रपटातील एखादा प्रसंग विद्यार्थ्याने आधी संवादरूपाने, जसा ऐकला तसा लिहावा. 'न्हाई', 'कुटं', 'म्हंजी' यांसह. नंतर तोच प्रसंग त्याने पोलीस ठाण्यातील तक्रारअर्जात मांडावा, आणि मग गावी असलेल्या आजीला पत्रातून कळवावा. तीन रूपे शेजारी ठेवली की पहिल्यातील 'न्हाई' ही चूक नव्हती आणि दुसऱ्यात ती का चालणार नाही, हे दोन्ही एकदम दिसते. शुद्ध-अशुद्ध या जोडीपेक्षा 'कोणासाठी' हा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती अधिक काळ टिकतो.

हैदराबादची भाषा

सोलापूर शहरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण येथे बोली एकच नाही आणि भाषाही एकच नाही. शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, हातमाग-यंत्रमाग आणि विडी उद्योगांवर जगलेले पद्मशाली व अन्य तेलुगूभाषक. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडील कन्नडभाषक. दखनी-उर्दू बोलणारी मुस्लिम कुटुंबे. एकाच वर्गात ही सर्व मुले असतात. पूर्व भागातील तेलुगूभाषक मुलीच्या बाबतीत घरची भाषा तेलुगू, रस्त्यावरची सोलापुरी मराठी, पुस्तकातली प्रमाण मराठी आणि आता पडद्यावरची करमाळ्याकडची मराठी अशी चौपदरी स्थिती असते. 'आपल्या मातीतली भाषा पडद्यावर आली' असे शिक्षक भारावून सांगतो, तेव्हा ती मुलगी त्या 'आपल्या'मध्ये असतेच असे नाही. लोकप्रिय संस्कृतीच्या पुरस्कर्त्यांनी गृहीत धरलेली 'विद्यार्थ्याची संस्कृती' ही अशी एकजिनसी नसते, आणि या मुद्द्याकडे झालेले दुर्लक्ष हा अशा अध्यापनविषयक लेखनातील मोठा दोष आहे.

मात्र याच ठिकाणी 'सैराट' अनपेक्षितपणे मदतीला येतो. चित्रपटाच्या उत्तरार्धात अर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, कोणालाही न जुमानणारी अर्ची येथे मुकी होते. भोवतीची भाषा तिला कळत नाही. रात्री गुंड अडवतात तेव्हा मराठी जाणणारी सुमनअक्का त्यांची सुटका करते आणि आपल्या झोपडपट्टीत आसरा देते. पुढे अर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि हळूहळू तेलुगू शिकते. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी हा भाग नायक-नायिकेच्या कानांनी ऐकला, म्हणजे न कळणारा गोंगाट म्हणून. सोलापूरच्या तेलुगूभाषक विद्यार्थ्याने तो तसा ऐकलेला नाही. नायिकेला जे कळत नव्हते ते त्याला कळत होते. मराठीच्या तासाला एरवी मागच्या बाकावर असणारा हा विद्यार्थी येथे वर्गातील एकमेव जाणकार ठरतो. शिक्षकालाही त्याला विचारावे लागते. अर्चीला परक्या गावी जे वाटले ते त्याच्या आजोबांना तेलंगणातून सोलापुरात आल्यावर वाटले असेल काय, हा प्रश्न त्याला कोणी सुचवावा लागत नाही. चित्रपटातील स्थलांतराची दिशा उलटी करून पाहिली की त्याच्या घराचा इतिहास समोर उभा राहतो.

असा निबंध कोणत्याही गाईडात मिळणार नाही. तो मराठीत लिहिताना त्याला अडचणी येतील, लिंगाच्या आणि विभक्तीच्या चुका होतील. परंतु त्या चुका दुरुस्त करण्यात अर्थ असेल, कारण खाली काही म्हणणे असेल. म्हणणेच नसलेल्या निबंधातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे हे रिकाम्या घराला रंग देण्यासारखे काम आहे. आणि प्रथम वर्षाचे शिक्षक वर्षानुवर्षे ते निष्ठेने करीत आले आहेत.

कन्नडभाषक विद्यार्थ्यांसाठी 'सैराट'ची कन्नड आवृत्ती 'मनसु मल्लिगे' (२०१७) उपलब्ध आहे. नायिका तीच, भाषा दुसरी. आणि 'फॅन्ड्री' हे शीर्षक तर मराठी शब्दच नाही. कैकाडी भाषेत त्याचा अर्थ डुक्कर. मराठी चित्रपटाचे नाव कळण्यासाठी मराठी प्रेक्षकाला कैकाडी कुटुंबाकडे विचारणा करावी लागली, ही गोष्ट भाषेच्या कोणत्याही प्राध्यापकाने शांतपणे विचारात घ्यावी अशी आहे.

शेवटची काही मिनिटे

चित्रपटावर लिहा असे सांगितले की विद्यार्थी कथानक सांगतो. कथानक संपले की 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'दाहक वास्तव' ही विशेषणे येतात आणि 'दाखवण्यात आले आहे' या कर्मणी रचनेने वाक्ये संपतात. ही रचना विद्यार्थ्याने वृत्तपत्रीय परीक्षणांतून उचललेली असते. डेव्हिड बार्थोलोमी यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या 'इन्व्हेंटिंग द युनिव्हर्सिटी' या निबंधात नवख्या विद्यार्थ्याच्या या अनुकरणाकडे सहानुभूतीने पाहिले आहे : ज्या विद्वत्समूहाची भाषा त्याला येत नाही, ती येत असल्याचे सोंग त्याला घ्यावे लागते. हे सोंग पूर्णपणे टाळता येणार नाही. परंतु त्याला एका ठिकाणी थांबवता येते, आणि त्यासाठी 'सैराट'च्या शेवटाइतके उपयुक्त उदाहरण मराठी चित्रपटात क्वचितच सापडेल.

या शेवटात पार्श्वसंगीत नाही. अर्ची दारात रांगोळी काढत असताना माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. ती चहा करते. शेजारीण लहान मुलाला घेऊन बाहेर गेलेली असते. ती परतून त्याला दारात सोडते, मूल आत जाते, रडत बाहेर येते, आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे मागे राहतात. हत्या प्रेक्षकाला दिसत नाही; मुलाचे रडणेही ऐकू येत नाही. 'शेवट अत्यंत हृदयद्रावक दाखवण्यात आला आहे' हे विद्यार्थ्याचे वाक्य आणि वरील वर्णन शेजारी ठेवून पाहावे. पहिल्या वाक्यात कोणी काहीही करीत नाही. चहा कोणी केला, दार कोणी उघडले, मूल कोणाच्या कडेवर होते, हे प्रश्न विचारले की कर्ता आणि क्रियापद आपोआप परततात व विशेषणाची गरज उरत नाही. दिग्दर्शकाने जो आवाज काढून घेतला, तो लिहिणाऱ्याने विशेषणे घालून परत भरायचा की वगळायचा, हा प्रश्न प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला समजण्यापलीकडचा नाही. उलट व्याकरणाच्या पुस्तकातील कर्तरी-कर्मणी प्रयोगाहून तो अधिक लवकर समजतो. काळाचाही असाच प्रश्न आहे. कथानक वर्तमानकाळात सांगायचे ठरवले तर ते शेवटपर्यंत तसेच सांभाळावे लागते. 'येतात', 'आले', 'आलेले आहेत' अशी सरमिसळ झाली की प्रसंगातील ताण सुटतो, हे ऐकूनच कळते.

दुसरी पायरी तुलनेची. २०१८ च्या 'धडक' या हिंदी आवृत्तीने कथा उदयपूरला नेली, पळून जाण्याचे शहर कोलकाता केले आणि शेवट बदलला : तेथे नवरा आणि मूल मारले जातात, नायिका मागे राहते. त्याबरोबरच मूळ चित्रपटात प्रत्येक दृश्यात जाणवणारी जात पुसट होऊन श्रीमंत-गरीब हा ओळखीचा भेद पुढे येतो. मागे कोण उरते यावरून दोन चित्रपट दोन वेगळ्या गोष्टी कशा सांगतात, हे दोन पानांत मांडणे हा युक्तिवादाच्या लेखनाचा परिपूर्ण सराव आहे. येथे मत असून भागत नाही. दृश्याचा पुरावा द्यावा लागतो. कथानकाचा सारांश आता यंत्राकडूनही क्षणात मिळतो, त्यामुळे सारांश मागणारे प्रश्न निरर्थक झाले आहेत. परंतु आपल्या मंडळाच्या मिरवणुकीत लेझीम बंद होऊन डॉल्बीवर 'झिंगाट' कधी सुरू झाले, ते कोणी थांबवले, बायका-मुली त्यावर कोठे उभ्या राहून नाचल्या की नाचल्याच नाहीत, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही. गाण्याचा अर्थ विचारण्याऐवजी गाण्याचा वापर विचारावा. सोलापूरसारख्या मिरवणुकांच्या शहरात विद्यार्थ्याजवळ ही सामग्री भरपूर असते.

वर्ग नावाची जागा

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट बाजूला राहिली, आणि ती सर्वांत अवघड आहे. 'सैराट' हा जातीबाहेरच्या प्रेमाचा आणि त्यासाठी झालेल्या हत्येचा चित्रपट आहे. सोलापूरच्या कोणत्याही महाविद्यालयात, एकाच बाकावर, अर्चीच्या आणि परश्याच्या समाजातील विद्यार्थी शेजारी बसलेले असतात. चित्रपट आल्यानंतर तो तरुणांना बिघडवतो असा आक्षेप घेतला गेला, आणि २०१६ च्या उत्तरार्धात राज्यातील वातावरण तापले तेव्हा त्याची चर्चा उघडपणे जातीच्या अंगाने झाली. अशा चित्रपटावर 'तुमचे मत मुक्तपणे मांडा' असे फळ्यावर लिहिणे हे शिक्षकाला वाटते तितके निरुपद्रवी नसते. कोणी काय लिहिले यावरून कोण कोणाचा, हे वर्गाला कळते. एखाद्या मुलीने परश्याविषयी चार ओळी सहानुभूतीने लिहिल्या आणि ती वही घरी उघडली गेली, तर पुढे काय होईल याची जबाबदारी घेण्यास कोणतेही अभ्यासमंडळ पुढे येणार नाही.

चित्रपटाने स्वतः ही गोष्ट ओळखली आहे. 'सैराट'मध्ये वर्ग आहे, शिक्षक आहे, कवितेचा तास आहे, आणि त्या तासाला अर्चीचा भाऊ प्रिन्स शिक्षकाला थोबाडीत मारतो. लोखंडे सरांनी त्याला तो कोण म्हणून विचारलेले असते. गावातील सत्ता कोणाकडे आहे हे नव्या शिक्षकाला माहीत नसते. 'फॅन्ड्री'च्या वर्गात चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो आणि त्याच शाळेच्या भिंतीवरील फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांच्या चित्रांसमोरून जब्या व त्याचे कुटुंबीय डुक्कर बांबूला बांधून वाहून नेतात. शिकवलेला पाठ आणि भिंतीबाहेरचे जगणे यांतील हे अंतर मंजुळे यांनी एकाही भाष्याविना दाखवले आहे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तो कोणाला लागतो, या प्रश्नाचे उत्तर देताना शिक्षकानेही स्वतःला मोजले पाहिजे, कारण प्रेक्षागृहात तोही बसलेला असतो.

म्हणून या सामग्रीच्या वापराला काही मर्यादा पाळाव्या लागतात. लेखन मोठ्याने वाचून दाखवण्याची सक्ती नसावी. चित्रपटाविषयी काय वाटले, हे विचारण्याऐवजी चित्रपटात काय आहे, हे विचारावे. मताला पुराव्याच्या मागे उभे राहता यावे इतकी आडोशाची जागा प्रश्नातच असावी. आणि ज्याला या विषयावर लिहायचे नाही त्याला दुसरा विषय मिळावा, तोही गुणांची कपात न होता. शंभराच्या आसपास संख्या असलेल्या वर्गात हे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु गप्प राहण्याचा अधिकार न देता अभिव्यक्तीचा आग्रह धरणे ही सक्तीच ठरते, मग विषय पावसाळ्याचा असो की प्रेमाचा.

२०१६ नंतरचा विद्यार्थी

आणखी एक अडचण काळाची आहे. आज प्रथम वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी २०१६ मध्ये प्राथमिक शाळेत होता. 'सैराट' त्याने चित्रपटगृहात पाहिला असेल तर आईवडिलांच्या मांडीवर बसून, एरवी दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी. ज्याला शिक्षक 'विद्यार्थ्यांची लोकप्रिय संस्कृती' म्हणतो, ती पुष्कळदा शिक्षकाच्याच तरुणपणाची आठवण असते. या दृष्टीने 'सैराट' आता राम जोशींच्या वाटेला लागला आहे. त्याचा अभ्यास होऊ लागला म्हणजेच तो जुना होऊ लागला. विद्यार्थ्याची आजची संस्कृती अर्ध्या मिनिटाच्या रील्समध्ये आहे आणि तिच्यात शिक्षकाने डोकावावे अशी त्याची इच्छा असेलच असे नाही. प्रत्येक खासगी आनंदाचे पाठात रूपांतर करण्याची शिक्षकी सवय येथे आवरलेली बरी.

मात्र एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. हा विद्यार्थी दिवसभर मराठीत लिहीत असतो. मित्राची थट्टा, भांडण, माफी, निरोप, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, सर्व काही तो मोबाइलवर लिहितो आणि त्याचे लिहिणे समोरच्याला नेमके पोहोचते. त्यातील बराचसा मजकूर रोमन लिपीत असतो, म्हणून त्याला लेखन म्हणण्यास वर्ग तयार नसतो आणि विद्यार्थीही तयार नसतो. तू काय लिहितोस, असे विचारले तर तो प्रामाणिकपणे 'काहीच नाही' असे उत्तर देतो. त्या 'काहीच नाही'मधील एक निरोप त्याच्या संमतीने फळ्यावर देवनागरीत उतरवावा, आणि तो कोणी, कोणाला, कशासाठी लिहिला हे वर्गाने ओळखावे. वर्षारंभीच्या पहिल्या तासाला एवढे पुरे आहे.